भाऊसाहेबांचा तोतया आणि त्याचे आजचे वंशज

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले, ही गोष्ट पुण्याने हळूहळू मानली. एका बाईने मात्र ती अखेरपर्यंत मानली नाही. भाऊसाहेबांच्या कुटुंब पार्वतीबाई त्या मोहिमेत स्वतः होत्या. रण मोडल्यावर विश्वासू माणसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले, त्या दक्षिणेत परत आल्या, आणि पुढे बावीस वर्षे त्यांनी वैधव्य पत्करले नाही. नवऱ्याचा देह आपण पाहिला नाही, मग तो गेला असे का समजावे, एवढाच त्यांचा सवाल होता. पेशव्यांच्या घरात त्या सवालाला नेमका जबाब देईल असा कोणी नव्हता.

जबाब अगदीच नव्हता असेही नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण होता. त्याने लढाईचा वृत्तान्त फारसीत लिहून ठेवला आहे. रणांगणात एक शिरावेगळे धड सापडले, अंगावरच्या खुणांवरून, विशेषतः पाठीवरच्या जुन्या जखमेच्या वणावरून, ते भाऊसाहेबांचे म्हणून ओळखले गेले, शिर मागाहून मिळाले आणि अग्निसंस्कार झाला, असे तो सांगतो. परंतु हे सारे घडले शत्रूच्या छावणीत, पुण्यापासून शेकडो कोसांवर. पुण्यात कागद आले, बातम्या आल्या, अफवाही आल्या. देह आला नाही. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर वारले. चुलतभाऊ गेला, थोरला मुलगा विश्वासराव गेला, या धक्क्याने ते खचले होते. घरातल्या कर्त्या पुरुषानेच असे अंथरूण धरल्यावर बाकीच्यांच्या मनातल्या शंका कोणी निवाराव्यात?

मी इतिहाससंशोधक नव्हे. शाळेत मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण तोतयांची कथा वाचताना मला नेहमी वाटते, की तोतया आणि कादंबरीकार हे एकाच धंद्यातले. दोघांनाही नसलेले माणूस असल्यासारखे उभे करायचे असते. आमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'कादंबरी' असे छापलेले असते, म्हणून आम्हाला कोणी किल्ल्यात कोंडत नाही, इतकेच.

तर पानिपतानंतर चारपाच वर्षे लोटली नाहीत तोच उत्तरेकडे, बुंदेलखंडाच्या बाजूला, एक मनुष्य आपण सदाशिवरावभाऊ आहोत असे सांगू लागला. सुखनिधान त्याचे नाव. जातीचा कनोजी ब्राह्मण. त्याला धरून पुण्यास आणण्यात आले. त्या वेळी गादीवर थोरले माधवराव होते. त्यांनी चौकशी करविली, माणूस तोतया ठरला आणि कैदेत पडला. माधवरावांनी त्याला जिवे मारले नाही. या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर असा फिरत तो शेवटी रत्नागिरीच्या किल्ल्यात येऊन राहिला.

येथे कोणालाही वाटेल, की झाले, प्रकरण मिटले. दरबाराने एकदा खोटा ठरवलेला माणूस पुन्हा खरा कसा होणार? पण तोतयाचे बळ त्याच्या चेहऱ्यात किंवा बोलण्यात फार थोडे असते. ते असते ज्या घरात तो शिरू पाहतो त्या घराच्या अवस्थेत. माधवराव असेतोवर घर भक्कम होते, म्हणून सुखनिधान हा एक सामान्य कैदी होता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊरला वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले, आणि इकडे बारभाईंनी गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन ठेवले. तिथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. म्हणजे १७७६ उजाडले तेव्हा मराठी राज्याचा धनी दोन वर्षांचाही नव्हता. त्याच्या वतीने कारभार पाहणारे सखारामबापू आणि नाना फडणीस एका डोळ्याने इंग्रजांकडे आणि दुसऱ्या डोळ्याने एकमेकांकडे पाहत होते. चिमाजीअप्पांचा मुलगा, उदगीरचा विजेता, पोक्त वयाचा पुरुष असा धनी परत आला तर किती बरे होईल, असे ज्याला मनातून वाटले नसेल असा शिपाई त्या वेळी क्वचितच असेल. सुखनिधान तोच होता. बदलले होते घर.

रत्नागिरीचा किल्ला आमच्या शाळेच्या सहलीचे नेहमीचे ठिकाण. घोड्याच्या नालेसारखी त्याची बांधणी, तिन्ही बाजूंनी समुद्र, वर भगवतीचे देऊळ आणि एका टोकाला दीपगृह. मुलांना भगवतीचा प्रसाद आणि समुद्र यांतच गोडी. गेल्या सहलीला मात्र सातवीतल्या एका मुलीने तटावर उभे राहून मला विचारले, "सर, एवढ्या उंचावरून तो पळाला कसा?" मी म्हणालो, "पळाला नाही ग, त्याला दार उघडून दिले." हे ऐकून तिचा थोडा विरस झाला. दोरखंडाची वगैरे गोष्ट असेल अशी तिची अपेक्षा असावी.

दार उघडणाऱ्याचे नाव रामचंद्र नाईक परांजपे, तिथला मामलेदार. १७७६ च्या आरंभी त्याने कैद्याला बाहेर काढले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे केले. मग जे झाले ते आजही वाचताना नवल वाटते. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या ताब्यात जाऊ लागले. हजारोंची फौज त्याच्याभोवती जमली. पावसाळा संपता संपता त्याने बोरघाटापर्यंत मजल मारली, म्हणजे पुणे आता काही मजलांवर राहिले. तेव्हा महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना त्याच्यावर पाठवले गेले. त्यांच्यापुढे तोतयाचा टिकाव लागला नाही. फौज जशी जमली तशीच पांगली. पळता पळता तो कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला, त्यांनी त्याला पुण्याच्या हवाली केले. पुण्यात पुन्हा चौकशी झाली, आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी याच प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले आणि मराठी घराघरांत तोतयाची आठवण ताजी केली.

मला या प्रकरणात फौजेपेक्षा त्या फौजेतली माणसे पाहावीशी वाटतात. सगळे काही भोळे नव्हते. परांजप्यासारख्यांना यात स्वार्थ दिसला असणार. पण पुष्कळांनी खरोखर विश्वास ठेवला. त्यांनी भाऊसाहेबांना जवळून पाहिलेले नव्हते. पाहिले असले तरी पंधरा वर्षांपूर्वी, हत्तीच्या हौद्यात, लांबून. ज्याला पाहिलेच नाही त्याला ओळखायचे कशावरून? शेजारचा म्हणतो, किल्लेदार म्हणतो, मामलेदार मुजरा करतो, यावरून. शिवाय जो कोणी शंका काढील तो धन्याशी बेइमान ठरायचा. तोतयाच्या फौजेत शंका घेणे हाच गुन्हा होतो, आणि एकदा हे वळण पडले की मग तोतयाला स्वतःला फारसे काही करावे लागत नाही.

उलट नाना फडणिसांकडे पाहा. नाना स्वतः पानिपतावर होते. भाऊसाहेबांच्या सावलीत वावरलेले होते. त्यांना चेहऱ्याची पारख होतीच. पण त्यांचे खरे सामर्थ्य मला दिसते ते निराळेच. त्या माणसाला त्याच्या सोयीच्या ठिकाणी, त्याच्या माणसांच्या गराड्यात, त्याने ठरवलेल्या घाईत भेटायला पुणे गेले नाही. त्याला पुण्यात आणले, त्याची फौज बाजूला केली, आणि मग विचारले, तू कोण? दोन्ही चौकशा पुण्यात झाल्या आणि दोन्ही वेळा तो उघडा पडला. कोकणात तोच माणूस त्याच चेहऱ्याने किल्ले घेत होता.

पार्वतीबाईंच्या मनाची त्या वर्षात काय स्थिती झाली असेल, याविषयी कादंबरीकाराच्या लेखणीला फार मोह होतो. तो मी आवरतो. एवढे खरे, की त्यांची आशा प्रामाणिक होती आणि तीच आशा हे त्या माणसाचे भांडवल होते. खोट्या माणसाला खऱ्या माणसाचा एखादा सद्गुण लागतो. त्यावाचून त्याचे दुकान चालत नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे मला एका गणिताच्या मास्तरांची हकीकत सांगायची आहे.

तत्पूर्वी थोडे कागदांविषयी. माणसांचे तोतये असत तसे कागदांचेही असत, आणि त्यावर मराठी दफ्तराने मोठ्या अकलेचे उपाय योजले होते. पत्राच्या माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब. मोर्तबेचा अर्थच 'मजकुराची मर्यादा येथवर'. तिच्याखाली कोणी एक ओळ वाढवली तर ती लबाडी म्हणून तत्काळ उघडी पडावी. कागदाचे तुकडे लांबीत जोडून मोठे पत्र करीत, तेव्हा मागच्या बाजूला जोडावर शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा घालायची सोय नाही. तरी मजकुराच्या पोटातले एखादे अक्षर बदलले तर शिक्का काय करणार? नारायणरावांच्या वधाच्या वेळी 'ध'चा 'मा' झाला, 'धरावे'चे 'मारावे' झाले, ही आख्यायिका मराठी मुलाला बाळपणापासून ठाऊक असते. इतिहासकार तिच्यावर फारसा भरवसा ठेवीत नाहीत. पण ती टिकली आहे, कारण एका अक्षराने घर बुडू शकते हे ऐकणाऱ्याला पटते.

आज मुद्रा आणि मोर्तब दोन्ही गेल्या. त्यांच्या जागी आपल्या मोबाईलवर येणारे सहा आकडे आले, ज्यांना लहानथोर सगळे ओटीपी म्हणतात. हे आकडे म्हणजे आपली मोर्तबच. कोऱ्या कागदावर मोर्तब करून तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला देणारा कारकून पेशव्यांच्या फडात एक दिवसही टिकला नसता. आपण मात्र ते आकडे फोनवर वाचून दाखवतो. का दाखवतो, ते मास्तरांच्या हकीकतीवरून कळेल.

मास्तर आमच्या तालुक्याच्या गावी छत्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाले. गावातल्या पतपेढीचा ताळेबंद जमेना तर तो त्यांच्याकडे येई. मुलगा परदेशी असतो. त्याच्याशी चेहरा पाहून बोलता यावे म्हणून घरात संगणक आला. एके दुपारी पडदा एकाएकी लाल झाला, भोंगा वाजू लागला, 'तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल, त्वरित या क्रमांकावर बोला' अशी पाटी आली. खाली एका जगप्रसिद्ध कंपनीचे चिन्ह. मास्तरांनी क्रमांक फिरवला. पलीकडचा आवाज अत्यंत अदबीचा, हिंदीत बोलणारा, शब्दागणिक 'सर' म्हणणारा. त्याने एक छोटा कार्यक्रम उतरवून घ्यायला लावला आणि पडद्यावर दिसणारा क्रमांक विचारला. तो क्रमांक सांगताक्षणी मास्तरांच्या संगणकाची दोरी त्याच्या हातात गेली. मग त्याने संगणकातली एक नोंदवही उघडून दाखवली. तिच्यात लाल आणि पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी. "सर, हे सगळे दोष." वास्तविक ही नोंदवही विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक संगणकात असते, आणि अगदी निरोगी संगणकातही तिच्यात अशा ओळी भरतच असतात. वैद्याने नाडीचे ठोके मोजून 'बापरे, मिनिटाला सत्तर!' म्हणावे तसला हा प्रकार.

दुरुस्तीचे पाच हजार रुपये मास्तरांनी भरले. खरी गंमत दोन दिवसांनी झाली. त्याच आवाजाचा फोन आला, की आमची कंपनी ही सेवा बंद करीत आहे, तुमचे पाच हजार परत करायचे आहेत. बँकेचे पान उघडा. मास्तरांनी उघडले. मोबाईलवर आकडे आले, त्याने विचारले, त्यांनी सांगितले. आणि पाहतात तो खात्यात पाच हजारांऐवजी पन्नास हजार जमा! पलीकडचा मनुष्य रडकुंडीला आला. "सर, माझ्या हातून एक शून्य जास्त पडले, माझी नोकरी जाईल, घरी लहान मुले आहेत." मास्तर म्हणाले, "अहो, घाबरू नका. दुसऱ्याचा पैसा आम्हाला नको." आणि त्यांनी पंचेचाळीस हजार त्याने दिलेल्या खात्यावर पाठवून दिले.

ते पन्नास हजार मास्तरांचेच होते. त्यांचीच एक मुदत ठेव मोडून त्या भामट्याने त्यांच्याच बचत खात्यात वळवली होती. परत करण्याजोगा एक पैसाही बाहेरून आला नव्हता. छत्तीस वर्षे ज्यांनी मुलांची हातच्याची चूक पकडली, त्यांना ही बेरीज दिसली नाही, कारण त्या क्षणी ते बेरीज करीत नव्हते. एका गरीब माणसाची नोकरी वाचवीत होते.

पुढचे चार दिवस मास्तर कोणाशी बोलले नाहीत. बायकोलाही सांगितले नाही. पाचव्या दिवशी ठेवीच्या पावतीवरून गोष्ट बाहेर आली. तेव्हा १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार गेली, पण तोवर पैसे चारपाच खात्यांतून फिरून निघून गेले होते. हा क्रमांक ज्यासाठी आहे ते काम पहिल्या काही तासांतच होऊ शकते. बातमी लगेच पोहोचली तर पुढच्या बँकेत पैसे अडवता येतात. ठकवल्या गेलेल्या माणसाने लाजेने गप्प बसावे, हा या धंद्यातला हिशेबात धरलेला नफा आहे. मास्तर मला म्हणाले, "पैशाचे नाही रे एवढे. लोक आता हिशेब तपासायला येतील का, याचेच वाटते." लोक येतात. परवाच पतपेढीचा कारकून चोपड्या घेऊन त्यांच्या ओटीवर बसलेला मी पाहिला.

मास्तरांशी बोलणारा तो मनुष्य कोठे बसलेला होता, कोण जाणे. पण ही मंडळी फार लांबची असतात असे समजण्याचे कारण नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडला काही कचेऱ्यांवर छापे घातले. तिथे रात्रपाळीला शेकडो तरुण-तरुणी अमेरिकन नावे घेऊन अमेरिकेतल्या माणसांना फोन करीत, आपण तिकडच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी आहोत, तुमचा कर थकला आहे, पोलीस निघाले आहेत, असे धमकावीत आणि पैसे उकळीत. त्याच महिन्यात अमेरिकेतही या प्रकारच्या टोळ्यांवर मोठा खटला दाखल झाला, आणि २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यातल्या काहींना वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा दिल्या. संगणकदुरुस्तीच्या नावाखाली परदेशातल्या म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्या कचेऱ्याही आपल्या देशात पुष्कळ निघाल्या, आणि केंद्रीय अन्वेषण विभागाला २०२३ मध्ये त्यांच्यासाठी निरनिराळ्या राज्यांत एकाच वेळी छापे घालावे लागले. मला त्या रात्रपाळीच्या मुलांचे वाईट वाटते, असे लिहिले तर वाचक रागावतील. पण शिक्षक आहे. बाकांवर बसलेली मुले डोळ्यांपुढे येतात. त्यांना कोणी तरी तयार संवाद लिहून दिलेले होते, आणि लिहिणाऱ्याला माणसाचे मन चांगले ठाऊक होते.

आता अशा माणसाशी वागावे कसे? पुण्याने सुखनिधानाशी जे केले तेच. त्याच्या मैदानात जायचे नाही. पडद्यावर पाटी आली आणि तिच्यात फोनचा क्रमांक असला तर ती पाटी खोटी. खरी सूचना देताना मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी तिच्यात फोन क्रमांक घालीत नाही, आणि आपण न बोलावता आपल्याला फोनही करीत नाही. संगणकाचे बटन दाबून धरावे, तो बंद पडू द्यावा. भोंगा थांबतो आणि कोणतीही माहिती नष्ट होत नाही. बँकेचा म्हणून फोन आला तर तो ठेवावा, आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. पोलिसांचा म्हणून आला, चेहऱ्यासकट आला, मागे ठाण्याचे चित्र दिसले, 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कोणाला सांगू नका' असे सांगितले, तर निःशंक मनाने फोन बंद करावा. असली अटक आपल्या कायद्यात नाही. 'कोणाला सांगू नका' हे शब्द ज्याच्या तोंडून येतात तो तोतया, अशी खूणगाठ बांधायला हरकत नाही. खरा फौजदार उलट म्हणेल, घरच्यांना बोलवा.

मोबाईलवर पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. एवढे एक कळले तरी निम्मे भामटे उपाशी मरतील. आणि आकडे आपण होऊन सांगितले असतील तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवून दिले आहे. मास्तरांचे चार दिवस म्हणूनच महाग पडले.

हे झाले पैशाचे. याहून मुकाट चालणारी चोरी नावाची. सुखनिधानाने भाऊसाहेबांचे नाव घेतले तेव्हा भाऊसाहेब हयात नव्हते. आपले नाव मात्र आपण जिवंत असताना घेतले जाते. छायाप्रतींच्या दुकानात विसरलेला आधारकार्डाचा कागद, हॉटेलात दिलेली प्रत, एवढ्यावर कोणी आपल्या नावाने मोबाईलचे कार्ड काढतो, कोणी कर्ज उचलतो, आणि वसुलीवाला आपल्या दारात येतो. संगणकाद्वारे दुसऱ्याची ओळख चोरणे हा २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाला आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा चोरीनंतरचा. आधीचे म्हणाल तर आधारची प्रत देताना तिच्यावर 'अमुक कामासाठी, अमुक तारखेस' असे आडवे लिहून सही करावी. हीच आपली मोर्तब. शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली आधारची प्रतही मिळते. पुष्कळ ठिकाणी ती चालते. आपल्या नावावर किती मोबाईल क्रमांक आहेत, हे 'संचार साथी' या सरकारी ठिकाणी पाहता येते. आमच्या शाळेतल्या एका शिपायाने पाहिले तर त्याच्या नावावर पाच निघाले, आणि घरात फोन दोन! त्याने तिथल्या तिथे तीन बंद करायला लावले. आपल्या नावावर कोणाकोणाचे कर्ज आहे याचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मागता येतो, तोही मागावा. आणि परांजप्याला विसरू नये. पुष्कळदा दार आतूनच उघडते. मोबाईलच्या दुकानातला ओळखीचा पोऱ्या 'काका, मी करून देतो, अंगठा ठेवा' म्हणाला, की कशासाठी आणि किती वेळा, हे विचारण्यात कसलाही अपमान नाही.

आता तर आवाजाचेही तोतये निघाले आहेत. थोडासा ध्वनिमुद्रित नमुना मिळाला, की यंत्र नातवाचा आवाज काढते, आणि तो आवाज रडत सांगतो, की आजी, अपघात झाला आहे, पैसे पाठव. पार्वतीबाईंपुढे निदान चेहरा तरी आणावा लागला असता. यावर मला जो उपाय सापडला तो आपल्याच किल्ल्यांवरचा आहे. रात्री दरवाजाशी येणाऱ्याने परवलीचा शब्द सांगितल्याखेरीज पहारेकरी दार उघडीत नसे. संगणकाच्या पासवर्डला मराठीत आपण आजही परवलीचा शब्द म्हणतो, पण घरच्या माणसांत तो ठरवायला विसरतो. दिवाळीला मुंबईची, पुण्याची, परदेशची सगळी मंडळी एका घरात जमतात. फराळ उरकल्यावर एक शब्द ठरवावा. तो कोठे लिहू नये, फोनवरून पाठवू नये, आणि पैशाची अडचण सांगणाऱ्या कोणत्याही आवाजाला, मग तो कितीही पोटच्या पोराचा वाटो, आधी तो विचारावा.

आमच्या घरी तो गेल्या दिवाळीत ठरला. माझ्या आईने सुचवला, आणि अजून तिलाच तो सगळ्यांत पक्का पाठ आहे. मागच्या महिन्यात मुंबईहून माझ्या भाच्याने पुस्तकांसाठी दोन हजार मागितले, तर तिने त्याच्याकडून तो तीनदा वदवून घेतला.